हात आधी मागे येतो, जळजळ नंतर कळते

एक छोटा प्रयोग आत्ताच करून पाहा. हा मजकूर डोळ्यांसमोर स्थिर धरा आणि 'नाही' म्हणताना हलवतो तशी मान भराभर डावी-उजवीकडे हलवत वाचा. अक्षरं बऱ्यापैकी स्पष्ट दिसत राहतील. आता मान स्थिर ठेवून त्याच वेगाने स्क्रीन डावी-उजवीकडे हलवा. अक्षरांचा नुसता धूसर पट्टा होईल. डोकं आणि अक्षरं यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. मग एकदा वाचता आलं आणि एकदा नाही, असं का?

याचं उत्तर कानात आहे. कानाच्या अगदी आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळायला लागलं की नलिका डोक्याबरोबर फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो. त्या ओढीने तिथल्या पेशींवरचे केसांसारखे तंतू वाकतात आणि संदेश निघतो. तो मेंदूच्या देठातून फार आडवळणं न घेता डोळे फिरवणाऱ्या स्नायूंपर्यंत पोचतो. डोकं जेवढं उजवीकडे वळलं, जवळजवळ तेवढेच डोळे डावीकडे वळतात, आणि या सगळ्याला सुमारे 10 मिलिसेकंद पुरतात. स्क्रीन हलते तेव्हा मात्र कानाला काहीच कळत नाही. आधी डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा सरकणार, मेंदू ती हालचाल ओळखणार, मग डोळ्यांना पाठलाग करायला सांगणार. यात दहापट वेळ जातो, तोवर अक्षरं पुढे गेलेली असतात.

ही प्रतिक्षिप्त क्रिया (रिफ्लेक्स), म्हणजे आपण न ठरवता आपोआप होणारी क्रिया आहे, आणि चालताना, पळताना, पायऱ्या उतरताना ती अखंड चालू असते. अंतर्कर्णाच्या आजारात ती गेली की माणसाला चालताना समोरची पाटी वाचता येत नाही, रस्ता हिंदकळताना दिसतो. आपण शाळेत 'गरम वस्तूला हात लागला की हात झटकन मागे येतो' एवढं एक उदाहरण शिकतो आणि तिथेच थांबतो. मला याचं वाईट वाटतं. आपण दिवसभर जे 'आपोआप' करतो त्याचा मोठा भाग या यंत्रणेवर चालतो, आणि आपल्या पुष्कळशा भीती, किळस, धडधड, झोप न येणं हेही तिच्यापासून फार दूर नाही.

तरी त्या गरम वस्तूपासूनच सुरुवात करू, कारण तिच्यातही शाळेने सांगितलं त्यापेक्षा बरंच काही आहे.

बोट तापलेल्या भांड्याला लागतं तेव्हा दोन प्रकारच्या चेतातंतूंमधून बातमी निघते. काही तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं पातळ वेष्टण असतं. त्यांच्यातून संदेश सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने जातो. दुसरे तंतू बिनवेष्टणाचे आणि बारीक असतात, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याएवढाच. बोटापासून पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंतचं अंतर साधारण मीटरभर. वेगवान संदेश तिथे आधी पोचतो. मेरुरज्जूतच तो मधल्या चेतापेशींकडे आणि त्यांच्याकडून हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींकडे जातो, आणि हात आखडतो. त्याच बातमीची एक प्रत वर मेंदूकडेही जाते, म्हणून हात निघता निघता टोचल्यासारखी तीक्ष्ण जाणीव होते. धीम्या तंतूंची बातमी मागाहून येते. हात मागे आला, आपण तो झटकला आणि मग ती पसरत जाणारी जळजळ सुरू झाली, हा क्रम तुम्ही अनुभवला असेल. आपल्याला वाटतं की भाजलं म्हणून हात काढला. प्रत्यक्षात आधी हात निघतो आणि 'भाजलं' ही गोष्ट मेंदू नंतर जुळवतो.

पाय काट्यावर पडला तर काम आणखी गुंतागुंतीचं होतं. तो पाय नुसता उचलला तर माणूस पडेल. म्हणून त्याच क्षणी मेरुरज्जूतून दुसऱ्या पायाला ताठ होण्याचा हुकूम जातो. शिवाय पाय दुमडणारे स्नायू आखडत असताना तो सरळ करणाऱ्या स्नायूंना सैल सोडावं लागतं, नाहीतर दोघांची ओढाताण होईल. एकाला 'ओढ' आणि त्याच वेळी त्याच्या विरुद्ध स्नायूला 'सोड' असं सांगणारी ही जोडव्यवस्था ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी बारकाईने उलगडली. चेतापेशींच्या कार्यावरच्या संशोधनासाठी 1932 चं नोबेल पारितोषिक त्यांना आणि एडगर एड्रियन यांना मिळून मिळालं.

प्रतिक्षिप्त क्रियेवर मेंदूचं काहीच चालत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. उकळत्या पाण्याचं भांडं हातात आहे, खाली मूल बसलंय आणि चटका बसायला लागला, तर आपण दात आवळून ते भांडं बाजूला नेऊन ठेवतो. वरून आलेला 'थांब' हा आदेश मेरुरज्जू ऐकतो. रक्त तपासायला सुई टोचली जाते तेव्हा आपण हात पुढे धरून ठेवतो, तेही यामुळेच. म्हणजे मेरुरज्जूकडे तयार उत्तर असतं आणि मेंदू ते वाढवू, कमी करू किंवा रोखू शकतो, फक्त त्याला आधी कल्पना असावी लागते.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून हेच तपासतात. ही तपासणी 1875 मध्ये विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मांडली. हातोडीने गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा दबतो, मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो आणि स्नायूच्या आत असलेले ताण मोजणारे अवयव मेरुरज्जूला खबर देतात. तिथे दोन चेतापेशींमधला फक्त एकच सांधा ओलांडून उलट हुकूम येतो आणि पाय उडतो. पाय उडालाच नाही तर या वाटेत कुठेतरी खंड पडल्याची शंका येते. प्रमाणाबाहेर उडाला तर वरून असलेला मेंदूचा लगाम सैल झाला असावा, असं डॉक्टरांच्या मनात येतं. कधी कधी रुग्ण नकळत पाय आवळून बसतो आणि काहीच होत नाही. मग डॉक्टर त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात आणि त्याच वेळी हातोडी मारतात. जो पाय हलत नव्हता, तोच टुणकन वर येतो. एका यःकश्चित हातोडीने कंबरेतल्या मेरुरज्जूची आणि वर मेंदूपर्यंतच्या वाटेची चौकशी होते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

उपजत क्रियांचा सगळ्यात मोठा खजिना नवजात बाळाकडे असतो. गालाला बोट लागलं की ते तोंड तिकडे वळवतं आणि ओठ शोधायला लागतात. तोंडात काही आलं की चोखतं. तळहातावर बोट ठेवलं की मूठ आवळतं. डोकं किंचित मागे कलंडलं किंवा मोठा आवाज झाला की दोन्ही हात बाजूला फेकतं, बोटं फाकवतं, मग हात पुन्हा छातीशी गोळा करतं आणि बहुतेकदा रडतं. या शेवटच्या क्रियेला बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांचं नाव आहे, त्यांनी तिचं वर्णन 1918 मध्ये केलं. बाळ जन्मल्यावर डॉक्टर ती मुद्दाम करून पाहतात. एकच हात उडाला आणि दुसरा तसाच राहिला, तर प्रसूतीच्या वेळी गळपट्टीचं हाड मोडलं आहे का, खांद्याकडच्या नसांना इजा झाली आहे का, हे पाहावं लागतं.

आईवडिलांना या क्रिया माहीत असाव्यात असं मला मनापासून वाटतं. बाळ झोपेत दचकून हात उडवतं तेव्हा ते घाबरलं, त्याला कसलीतरी बाधा झाली, असं समजून घरात काळजी पसरते. पहिल्या काही महिन्यांत हे होणं निरोगीपणाचं लक्षण आहे. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते मावळतं. मावळलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

या मावळण्याची एक सुंदर हकिगत आहे. नवजात बाळाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले तर ते पावलं टाकल्यासारखं करतं. दोनेक महिन्यांत हे थांबतं. मेंदूची वाढ होऊन तो ही आदिम क्रिया दाबून टाकतो, असं स्पष्टीकरण बरीच वर्षं दिलं जायचं. एस्थर थेलेन या अमेरिकन संशोधिकेला शंका आली, कारण पाठीवर झोपलेली तीच बाळं पाय अगदी त्याच लयीत मारत होती. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थेलेन आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात उभं धरलं. पाण्याने पायांचं वजन पेललं आणि पावलं परत आली. उलट पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली, तर पावलं कमी झाली. क्रिया कुठेही गेलेली नव्हती. पायांवर चरबी भराभर चढली होती आणि स्नायूंची ताकद तेवढी वाढली नव्हती, इतकंच.

तळपायाची गोष्ट वेगळी आहे. बाळाच्या तळव्यावर टाचेकडून बोटांकडे कडेकडेने रेघ ओढली की अंगठा वर उचलला जातो, मोठ्या माणसाचा खाली वळतो. वयाच्या साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत मेंदूकडून मेरुरज्जूकडे उतरणारा मार्ग पक्का होतो आणि हा बदल घडतो. मोठ्या माणसाचा अंगठा पुन्हा बाळासारखा वर जायला लागला, तर त्या मार्गाला इजा झाल्याचं ते लक्षण असतं. फ्रान्सच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये हे सांगितलं आणि आजही ही तपासणी रोज होते.

शिंक, खोकला, घास गिळणं, उजेडात डोळ्याची बाहुली आकसणं यांवर इथे फार थांबत नाही. बाहुलीचं एवढं मात्र पाहण्यासारखं आहे की उजेड एकाच डोळ्यात टाकला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात. आणि एक क्रिया अशी आहे की ती चालली तर कळतही नाही. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीतले दाबमापक ते ओळखतात, काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. वयानुसार, काही औषधांमुळे किंवा अंगातलं पाणी कमी झाल्याने ही क्रिया मंदावली की उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणूनच वयस्कर माणसांना आधी काठावर बसा आणि मग उभे राहा, असं सांगतात.

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे अनुभवाने शिकलेल्या क्रियांकडे. इव्हान पावलोव्ह हे रशियन शरीरशास्त्रज्ञ पचनाचा अभ्यास करत होते आणि त्यासाठीच त्यांना 1904 मध्ये नोबेल मिळालं. कुत्र्याच्या तोंडात अन्न गेलं की किती लाळ सुटते, हे ते मोजत. पण अन्न तोंडात जाण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागल्याबरोबर कुत्र्यांना लाळ सुटायला लागली. मोजमापात व्यत्यय आणणारी ही गोष्ट पावलोव्ह यांनी पुढच्या आयुष्याचा विषय केली. मेट्रोनोम या ताल धरणाऱ्या यंत्राची टिकटिक ऐकवायची आणि मग अन्न द्यायचं. असं काही वेळा झालं की नुसत्या टिकटिकीने लाळ सुटते. याला अभिसंधित, म्हणजे अनुभवाने जोडली गेलेली प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

इथे एक बाब नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुत्रा लाळ गाळायला शिकला नाही. ते त्याला जन्मतःच येत होतं. तो फक्त 'केव्हा' हे शिकला. दार जुनंच, घंटा नवी बसवली. आपली शिकलेली प्रत्येक प्रतिक्षिप्त क्रिया अशी कुठल्यातरी उपजत क्रियेच्या खांद्यावर बसलेली असते. लिंबू कापताना पाहिलं की तोंडाला पाणी सुटतं, दातांच्या डॉक्टरांच्या यंत्राचा आवाज आला की खुर्चीत बसायच्या आधीच हात घट्ट आवळले जातात, रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. लाळ, स्नायूंचं आखडणं, हृदयाची धडधड, सगळं आधीपासूनचं आहे. खूण तेवढी अनुभवाने बसवलेली.

हे किती काटेकोर असतं ते पापणीच्या प्रयोगात दिसतं. डोळ्यावर हवेची फुंकर आली की पापणी मिटते, हे उपजत. फुंकरीच्या आधी ठरावीक वेळाने एक सूर ऐकवत राहिलं तर काही काळाने सुरानेच पापणी मिटायला लागते. पण ती सूर ऐकल्या ऐकल्या मिटत नाही. सूर आणि फुंकर यांच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर ठेवलं असेल, तर फुंकर येण्याच्या बेताला ती पुरती मिटलेली असते. अंतर बदललं की पापणीही हळूहळू आपली वेळ बदलते. अमेरिकन संशोधक रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवलं की ही शिकलेली वेळ मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूवर (सेरेबेलम) अवलंबून असते. लहान मेंदूतला एक इवलासा भाग निकामी केला तर सशाची सुराला मिटणारी पापणी थांबली, फुंकरीला मिटणारी मात्र तशीच राहिली. दोन्ही वाटा शेवटी एकाच पापणीशी पोचतात, पण निघतात वेगवेगळ्या ठिकाणांहून.

उपजत आणि शिकलेलं यांच्यामधली भिंत तशी फार उंच नाही. सुरुवातीला मान हलवून पाहिलेली क्रिया उपजतच आहे, पण नव्या नंबरचा चष्मा लावला की जगाचा आकार बदलतो आणि मान वळवताना डोळे किती फिरवायचे हे गणित चुकतं. पहिले काही दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. लहान मेंदू ती चूक मोजत राहतो आणि प्रमाण दुरुस्त करतो. जड नंबरचा नवा चष्मा सतत लावून ठेवा, असं सांगतात ते याच कारणाने. काढ-घाल केली की शिकणंही अर्धवट होतं.

दोन गोष्टी नुसत्या एकापाठोपाठ घडल्या की शरीर त्या जोडतं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. 1968 मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी यात महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यांनी उंदरांच्या दोन गटांना सूर आणि सौम्य विजेचा झटका अशी जोडी सारख्याच वेळा दिली. फक्त एका गटाला सूर नसतानाही तितक्याच वारंवार झटके बसत होते. त्या गटाने सुराची भीती धरलीच नाही. सुरामुळे त्यांना नवं काही कळत नव्हतं, झटका तर केव्हाही येतच होता. शरीर योगायोग मोजत बसत नाही. कुठली खूण पुढचं खरोखर सांगते, हे ते शोधतं.

आणि सगळ्याच खुणा त्याला सारख्या वाटत नाहीत. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट केलिंग यांनी 1966 मध्ये तहानलेल्या उंदरांना गोड पाणी दिलं, आणि ते पिताना प्रकाश आणि आवाजही होईल अशी सोय केली. मग काहींना आजारी पाडलं, काहींना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी पुढे गोड चव टाळली, प्रकाश-आवाजाची पर्वा केली नाही. झटका बसलेल्यांनी प्रकाश-आवाज टाळला, चवीचं त्यांना काही वाटलं नाही. मळमळ झाली तर दोष खाल्लेल्याचा, त्वचेला इजा झाली तर दोष दिसलेल्या किंवा ऐकलेल्याचा, असा कल शरीरात जन्मापासूनच असतो. चवीच्या बाबतीत तर एकच अनुभव पुरतो, आणि मध्ये काही तास गेले तरी चालतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर ताप आणि उलट्या झाल्या, तर आजाराचं खरं कारण विषाणूचा संसर्ग होता हे पक्कं माहीत असूनही त्या पदार्थाच्या वासाने पोटात ढवळतं. तिथे माहिती पोचतच नाही.

कर्करोगाच्या रुग्णांना हे सोसावं लागतं. केमोथेरपीच्या काही फेऱ्या झाल्या की काहींना रुग्णालयाच्या वासाने, खोली पाहूनच, कधी नुसत्या आठवणीने मळमळायला लागतं. अजून औषध दिलेलंही नसतं. अशा वेळी 'तू मनाला फार लावून घेतोस' असं जवळची माणसं म्हणतात, आणि ते ऐकणं रुग्णाला उलटीपेक्षा जड जातं. हे मनाचं दुबळेपण नाही. पावलोव्ह यांच्या कुत्र्याला जशी लाळ सुटत होती, तितकीच ही मळमळ खरी आहे. पहिल्या फेरीपासूनच उलटी रोखणारी औषधं नीट देण्यावर डॉक्टर भर देतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मळमळ झालीच नाही, तर जोडी बसत नाही.

व्यसनाच्या बाबतीत तर हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना मोठा डोस दिला. नेहमीच्या जागी दिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मेले, अनोळखी जागी दिलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश. ओळखीच्या खुणा दिसल्या की शरीर औषधाला तोंड द्यायची तयारी आधीच करत होतं. नव्या जागी ती तयारी झालीच नाही. व्यसन सोडून आलेला माणूस जुन्या जागी, जुन्या सोबत्यांत गेला की अंग का कासावीस होतं, तेही यावरून कळतं.

अशा शिकण्याला आठवणीचीही गरज नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांची एक रुग्ण होती, तिला नवं काही आठवत नसे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर तिला तो प्रसंग आठवेना, पण त्यांनी हात पुढे केल्यावर तिने आपला हात मागे घेतला. ही हकिगत त्यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केली.

इथे एक फरक करायलाच हवा. गाडी चालवताना कुणी आडवं आलं आणि पाय ब्रेकवर गेला, तर आपण म्हणतो 'रिफ्लेक्स चांगले आहेत'. बोलण्यात ठीक आहे, पण ती प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे. ते सरावाने अंगवळणी पडलेलं कौशल्य आहे आणि ते मेंदूच्या मोठ्या वाटेने जातं. समोर दिसणाऱ्या साध्या खुणेला बटण दाबायलासुद्धा माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. रस्त्यावर ओळखणं, ठरवणं आणि पाय उचलणं धरून सहज सेकंदभर किंवा जास्त जातो. ताशी 60 किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. स्वतःच्या 'रिफ्लेक्स'वर विसंबून पुढच्या गाडीला चिकटून जाणारा माणूस शरीराच्या ज्या वेगावर भरवसा ठेवतो, तो वेग त्या कामासाठी उपलब्धच नसतो. फोनची सूचना वाजल्यावर छातीत होणारी हलकी उसळी अभिसंधित म्हणता येईल. हात फोनकडे जाणं ही मात्र सवय आहे, आणि सवय बक्षिसावर वाढते.

मग नको असलेली शिकलेली क्रिया पुसायची कशी? टिकटिक ऐकवत राहिलं आणि अन्न दिलंच नाही, तर लाळ हळूहळू कमी होत थांबते. पण पावलोव्ह यांनीच पाहिलं की काही काळ विश्रांती दिली की टिकटिकीला लाळ पुन्हा येते. म्हणजे जुनी जोडी पुसली गेलेली नसते. तिच्यावर 'आता अन्न येत नाही' हा नवा धडा चढलेला असतो. मार्क बाउटन यांच्या प्रयोगांतून पुढे हे स्पष्ट झालं की तो नवा धडा जागेला बराच बांधलेला असतो. एका जागी बसलेली भीती दुसऱ्या जागी उतरवली, तरी पहिल्या जागी परत गेल्यावर ती डोकं वर काढते.

निद्रानाशावर याचा थेट उपयोग झाला. अंथरुणात पडून तासन्‌तास कूस बदलणाऱ्या माणसाच्या शरीरात अंथरूण आणि तळमळ यांची जोडी बसते. सोफ्यावर डुलक्या येतात आणि अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे, ही तक्रार त्यातूनच येते. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये यावर उपाय मांडला. झोप आली तरच आडवं व्हायचं, अंथरुणात फोन आणि काम बंद. थोड्या वेळात झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे जायचं आणि पुन्हा झोप आली की परतायचं. सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. पहिले काही दिवस हे त्रासाचं असतं, पण अनेकांना औषधाविना गुण येतो आणि निद्रानाशाच्या आजच्या उपचारांतही याला महत्त्वाची जागा आहे.

लहान मुलाची भीती घालवतानाही हाच मार्ग चालतो. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या एका तीनेक वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला जाई आणि तो मूल शांत राहील तेवढाच जवळ आणला जाई. शेवटी पीटर त्याला हाताने कुरवाळू लागला. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाला 'यात काय घाबरायचं' म्हणून एकदम कुत्र्यापुढे ढकलणारे मोठे नेमकं उलटं करतात. मूल थरथरत असताना पळून आलं, तर जुनी जोडी आणखी पक्की होते.

त्याच वर्षी लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, पूर आला. पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या घरांत पाणी शिरलं आणि त्यांना पोहवत बाहेर काढावं लागलं. त्यानंतर काही कुत्र्यांच्या पक्क्या बसलेल्या अभिसंधित क्रिया नाहीशा झाल्या. त्यांतल्या एकाच्या क्रिया बऱ्याच काळाने पूर्ववत झाल्या, पण पुढे त्याच्या खोलीच्या दाराखालून थोडं पाणी आत सोडून पाहिलं तर तो पुन्हा सैरभैर झाला.

भीतीवर उपचार करणारे तज्ज्ञ म्हणूनच सराव एकाच खोलीत संपवत नाहीत. कुत्र्याची भीती असेल तर घरात, रस्त्यावर, मैदानात, लहान आणि मोठ्या, शांत आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांसमोर, आईबरोबर आणि आईशिवाय असा तो करून घेतात. मध्येच भीती परत आली तर सगळं वाया गेलं असं धरत नाहीत. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करतात, आणि बहुतेकदा दुसऱ्या वेळी ती पहिल्यापेक्षा लवकर उतरते. पावलोव्ह यांच्या कुत्र्यांची परत आलेली लाळही दुसऱ्या वेळी लवकरच थांबत होती.